आईला शिकवलेलं आसन

बुधवार, संध्याकाळ

आज आईशी पुन्हा खोटं बोलले. पहिलं खोटं दोन महिन्यांपूर्वीचं, की भंवरकुआं चौकात योगाचा क्लास लावलाय. क्लास बेली डान्सचा आहे. वजन उतरावं, चार लोकांत मान वर करून बोलता यावं, एवढ्यासाठीच जाते. मग घरी नाव घ्यायला जीभ का अडते?

आई म्हणाली, "कंबर धरलीय गं. तुझ्या योगातलं काहीतरी दाखव ना." मला योगातलं काहीच येत नाही. घाबरून क्लासमधलंच दाखवलं, गुडघे सैल सोडून कंबर हळू गोल फिरवायची. आईने ओट्यावर हात टेकून फिरवली. माझ्यापेक्षा छान.

"बरं वाटतंय. नाव काय ह्याचं?"

"कटिआसन." सुचलं ते बोलले.

"उद्या भजनातल्या बायकांना दाखवते. सांगते, आमच्या मनूने शिकवलंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. याच ओट्यावर बसवून तिने मला बाराखडी शिकवली, खोटं बोलू नये हेही.

क्लासच्या मॅडम रोज ओरडतात, "शरम घर पे छोड़ के आया करो!" सोडूनच तर जाते. परत आले की दारातच भेटते.

उद्या एखादीची सून हा नाच ओळखेल, हसेल. आई तिच्याशीच भांडेल, माझ्यासाठी.

अजून तिचा हात ओट्यावरच आहे. ती मोजतेय. दहा उजवीकडून, दहा डावीकडून.