व्याही, मी आणि लिव्हरची बंदूक

१७ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत लिहायची. रागात लिहायची नाही.

कारण: १४ डिसेंबरला खामगावात जिल्हास्तरीय एअर रायफल मॅच आहे. लिव्हरवाली रायफल, दहा मीटर अंतर, दहा छर्रे, पन्नाशीच्या वरचा गट. पहिल्या नंबरला खामगावच्या अस्सल चांदीचं मेडल. पेपरात वाचलं आणि अंगात वारंच शिरलं.

नेम माझा जन्मजात आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत एका दमात सगळे फुगे फोडले होते. घरची म्हणते, ते उन्हानं फुटले. तिला स्पोर्ट्समधलं काही कळत नाही.

खरं कारण, जे फक्त इथंच लिहितो: प्रतीक्षा. एकुलती एक लेक. लग्नाआधी बाबाला विचारल्याशिवाय चप्पलसुद्धा घ्यायची नाही. मागच्या साली साखरखेर्ड्याला दिली, तेव्हापासून काहीही म्हणा, उत्तर एकच: मामाजीले विचारून सांगते. मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे व्याही वामनराव. रिटायर हेडमास्तर. माणूस वाईट नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

मेडल आलं की पोरगी पुन्हा बाबाला विचारील. विषय संपला.

१९ नोव्हेंबर
चिखलीच्या हरिओमकडून सेकंडहँड रायफल आणली. खालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढायचा, छर्रा घालायचा, दांडा परत वर, मग नेम. हरिओम म्हणे, छर्रा घालताना दांडा सोडू नका काका, बोट जाईन. मी म्हटलं, अमडापुरात तीस वर्षं कृषी केंद्र चालवतो, मशिनरी मले नको शिकवू.

संध्याकाळी ७
बोट सुजलं. डाव्या हाताचं आहे, ट्रिगरशी संबंध नाही.

संकल्प: चहा बंद, हात थरथरतो. पहाटे पाचला ध्यान. जेवणात एकच भाकर.

२० नोव्हेंबर
पहाटे ध्यानाला बसलो. साडेसातला घरचीनं हलवून उठवलं. फार खोल लागलं होतं. चहा घेतला, पण अर्धाच. दोनदा.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहिली प्रॅक्टिस. घरामागं कुटाराचं, म्हणजे भुश्शाचं, पोतं उभं केलं, त्यावर नेमाचं कार्ड. दहा छर्रे मारले. कार्ड कोरं. पोतंही कोरं.

वरच्या टाकीतून मात्र पाण्याची धार लागली. घरची म्हणे, आता भांडे काय तुमच्या मेडलनं घासू काय? मी शांतपणे समजावलं की रायफल डावीकडं मारते. मी नाही, रायफल. तिनं रायफलीकडं पाहिलं नाही, माझ्याकडंच पाहिलं.

एक भाकर जास्त झाली. टेन्शनमुळे.

२५ नोव्हेंबर
प्रतीक्षाचा फोन. मोठ्या झोकात मॅचचं सांगितलं. फोन बाजूला धरून तिनं कोणाला तरी विचारलं. मग म्हणे, बाबा, मामाजी म्हणतात, अर्धा श्वास सोडून मग ट्रिगर दाबायचा.

शाळेत खडू झिजवला त्या माणसाले रायफलीतलं काय कळते बे! काऊन मधात बोलते तो? (रागात लिहिलं. आज माफ.)

लगेच वामनरावांना फोन लावला. आवाज गोड ठेवला, व्याही आहेत शेवटी. म्हटलं, एवढा अभ्यास आहे तर तुम्हीही फॉर्म भरा. हरेल त्यानं सगळ्यांसमोर जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा. ते म्हणे, किसनराव, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मले समोरचा माणूस धड दिसत नाही, पण तुमाले सोबत म्हणून फॉर्म भरतो.

घाबरले.

३० नोव्हेंबर
खामगावच्या रायफल क्लबात शिकवणी. शिकवायला मनाली मॅडम, मॅचच्या पंचही त्याच. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी सांगितलं, प्रत्येक छर्ऱ्यानंतर लिव्हर ओढायला रायफल खाली घ्यावी लागते, ती परत वर उचलली की आधी आपल्या कार्डावरचा नंबर बघा, मग नेम धरा. आणि दुसऱ्याच्या कार्डाकडं बघायचंच नाही. बाकीचे लिहून घेत होते. मी म्हटलं, मॅडम, आमचे बैलसुद्धा आपला गोठा ओळखतात. हे मुद्दे नवशिक्यांसाठी.

चहा सुटला आहे. क्लबचा घेतला, तो मोजत नाही.

५ डिसेंबर
जबरदस्त प्रगती! दहापैकी पाच कार्डात. अंगण लहान म्हणून अंतर पाच मीटर ठेवलं. पाच मीटरवरून पाच, म्हणजे दहा मीटरवरून दहा. हिशोब सरळ आहे.

८ डिसेंबर
फ्लेक्स करून घेतला. निवडणुकीची गर्दी आहे, फ्लेक्सवाला म्हणे दहा तारखेनंतर मशीन रिकामी नाही. मग काय करणार? "नेम किसनरावांचा, नाव अमडापूरचं!" खाली माझा छातीपर्यंतचा फोटो. मला रायफल घेऊन हवा होता, पण फ्लेक्सवाला म्हणे, आचारसंहितेत पोलीस विचारतील, हात जोडा. जोडले. हसू नका म्हणे, खेळाडू गंभीर दिसला पाहिजे. नाही हसलो. मागं निळं आभाळ टाकलं त्यानं, ढगांसहित. फार उठून दिसतो मी.

घरची म्हणे, अजून मॅच नाही झाली. मी म्हटलं, लग्नपत्रिकाही लग्नाआधीच छापतात.

१३ डिसेंबर
उद्या. मन एकदम शांत. चहा चार झाले.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी १२.४०
(जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे. निकाल दोनला.)

मी सहा नंबर, वामनराव शेजारी सात नंबर. मागं खुर्च्यांवर घरची आणि प्रतीक्षा. मनात म्हटलं, बघ पोरी आज.

असा नेम मी उभ्या जन्मात धरला नव्हता. हात दगडासारखा स्थिर. श्वास आपोआप अर्धा सुटत होता, त्याचा वामनरावांशी संबंध नाही. लिव्हर ओढावी, एक नजर म्हाताऱ्याच्या सात नंबरवर टाकावी, किती मारले ते पाहावं, की लगेच आपली रायफल वर. सगळे दहा छर्रे असेच.

पण व्याही छुपे रुस्तम निघाले! अजून चष्माच पुसत होते, तरी त्यांच्या कार्डावर दोन भोकं. ते पहिला छर्रा भरेपर्यंत आणखी दोन. काळ्याच्या कडेनं तर चाळणी झाली. माणूस मारतो कधी तेच दिसत नाही. त्या टेन्शनमध्ये माझा नेम जास्तच पक्का झाला.

माझं कार्ड लांबून एकदम स्वच्छ. पांढऱ्यावर एक डाग नाही. म्हणजे सगळे मधल्या काळ्यातच, आणि काळ्यातलं भोक दहा मीटरवरून काय दिसणार!

मागून प्रतीक्षा सारखी हातवारे करत होती. ओरडायला मनाई होती म्हणून. एवढा उत्साह पोरीचा मी कधी पाहिला नव्हता. डोळे भरून आले. फ्लेक्स पिशवीत तयार आहे.

संध्याकाळी ६, बसमध्ये
माझं कार्ड स्वच्छ होतं. खरोखरच स्वच्छ. शून्य.

माझे सगळे छर्रे सात नंबरवर. मनाली मॅडमनी माईकवरूनच समजावलं. एका कार्डावर दोघांची भोकं पडली आणि कोणतं कोणाचं ते सांगता आलं नाही, तर ज्याचं कार्ड त्याला त्यातली चांगली दहा मिळतात. नियम आहे म्हणे. वामनरावांचे स्वतःचे बहुतेक मागच्या ताडपत्रीत गेले होते. पहिला नंबर, वामनराव, साखरखेर्डा.

वामनराव उठून तीन वेळा बोलले की हे माझे नाहीत, माझ्या व्याह्यांचे आहेत. मॅडम म्हणे, सर, नियम. कोणी हसलं नाही पाहिजे होतं. सगळे हसले. घरची तर पदर तोंडात धरून बाहेर गेली.

शब्द दिला होता, फेटा बांधला. वामनरावांनी माझे हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणे, नेम यांचा आहे, मी तर नुसता उभा होतो. डोळे पाणावले होते त्यांचे. ऑपरेशनमुळेही असेल. माणूस वाईट नाही, किती वेळा लिहू?

निघताना म्हणे, फ्लेक्स फेकू नका किसनराव, मले द्या. दिला. मी तरी त्याचं काय करणार होतो?

टेक्निकली पाहिलं तर जिल्ह्यात पहिला नंबर माझ्याच छर्ऱ्यांचा आहे. हे कोणी नाकारू शकत नाही. चहाचा नियम आजपासून रद्द.

१८ डिसेंबर
सकाळी घरचीला साखरखेर्ड्याहून तानुबाईंचा फोन. वामनरावांच्या शेजारी राहतात. हुंदके देत होत्या. कसं झालं हो अचानक, म्हणे, रविवारी तर खामगावात धडधाकट होते, आपल्या हातानं फेटा बांधला. घरचीनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बोला तानुबाई. तिकडून किंकाळी, आणि फोन बंद.

प्रतीक्षाला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. वामनरावांनी फ्लेक्समधला माझा फोटो कापून घेतला. हात जोडलेला, गंभीर, मागं आभाळ. त्याला चांगली फ्रेम केली, बैठकीत समोरच्या भिंतीवर लावला आणि मेडल त्याच्या गळ्यात घातलं. खरा मानकरी हाच, म्हणे. रोज सकाळी पुढं उभं राहून हात जोडतात, डोळे पुसतात. डोळ्यांत औषध टाकलेलं असते. काल संध्याकाळपासून गल्लीतले लोक येऊन मुकाट्यानं बसून जाऊन राह्यले. विहीणबाई चहा करून करून थकल्या. एक जण तर विचारून गेला, तेरवी कधी आहे.

खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं. मेडल शेवटी माझ्याच गळ्यात पडलं, आणि लेकीच्या घरी समोरच्या भिंतीवर मी. पण घरची कपाळावरच्या कुंकवाला हात लावून माझ्याकडं पाहत होती. म्हणून प्रतीक्षाला जरा आवाज चढवून सांगितलं, मी तुझा बाप आहे, जिवंत आहे, आत्ताच्या आत्ता ते मेडल फोटोवरून काढ.

ती म्हणे, थांबा बाबा, मामाजीले विचारून सांगते.