मानपाड्याचा फ्लॅट नयनला का नाही

मी, आसावरी त्र्यंबक पेडणेकर, वय ६४, जिल्हा परिषदेच्या ठाणे कार्यालयातून निवृत्त, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचेही दडपण माझ्यावर नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे निम्मे-निम्मे केले होते, ते रद्द समजावे.

१. ठाकुर्लीचे राहते घर माझा मुलगा नयन यास द्यावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. मानपाडा येथील फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. म्हातारपणी भाडे येत राहील म्हणून तो मी नोकरीत असताना कर्ज काढून घेतला. कर्ज फिटले आहे. हा फ्लॅट नयनला मिळू नये. का, ते लिहिते, म्हणजे मागाहून "आईला कोणीतरी फितवलं" असे कोणी म्हणायला नको.

घेताना मी म्हटले होते, आपला एक वकील करू. माझे यजमान, आता हयात नाहीत, ते म्हणाले, "अगं, बँक काय वेडी आहे का? त्यांचा वकील कागद तपासतोच. कर्ज मंजूर झालं म्हणजे कागद चोख." आमच्या ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडे हेच ब्रह्मवाक्य! एजंट बंटी तर हसलाच. "काकू, बिल्डरचा वकील आहे, बँकेचा आहे, आणखी किती वकील पाहिजेत?" करारनामा बिल्डरच्या वकिलाने लिहिला, अर्थातच बिल्डरच्या सोयीचा. जमिनीचा शोध बँकेच्या वकिलाने घेतला. त्याची फी माझ्या खात्यातून गेली. मी त्याच्याकडे अहवाल मागायला गेले, तर मान वर न करता म्हणतो, "मॅडम, माझी अशील बँक आहे. तुम्ही नाही." फी माझी, अशील बँक! आणि वकिलाचे वाचलेले पैसे यजमानांनी बाथरूमच्या टाइल्समध्ये घातले. टाइल्स छान आहेत. अजून एकही निघालेली नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्या फ्लॅटच्या दारात विमलाबाई उभ्या राहिल्या. आमची भाडेकरू स्वप्ना हिने मला फोन करून बोलावून घेतले. विमलाबाई जवळच्याच गावच्या, ज्याने बिल्डरला जमीन दिली त्याची सख्खी बहीण. त्या भांडायला आल्या नव्हत्या. चपला बाहेर काढून जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "बाय, ही जागा माज्या बापाची. भावानं देऊन टाकली. मना कोनी इचारलाच नाय." मी तलाठ्याकडे जाऊन पाहिले. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचे नाव आहे आणि त्यांनी हक्क सोडल्याचा कागद कुठेच नाही. बँकेच्या वकिलाला हे दिसले नसेल? दिसले असेल. पण बँकेने जास्तीचे तारण म्हणून ठाकुर्लीचे घरही लिहून घेतले होते. बँकेचे काम झाले होते. मी मेले काय नि जगले काय!

हे मी नयनला सांगितले. तो चिडला नाही, हेच मला जास्त लागले. पंधरवड्यात तो गिऱ्हाईक घेऊन आला. नवीन लग्न झालेले जोडपे, दोघांनी मिळून कर्ज काढायचे ठरवलेले. मला आत बोलावून म्हणतो, "ती म्हातारी कोर्टात जायच्या आत विकून टाकू. त्यांना काही बोलू नकोस. त्यांची बँक बघून घेईल ना."

त्यांची बँक बघून घेईल. शब्द न् शब्द बापाचा. पण बापाला माहीत नव्हते, ह्याला माहीत आहे. मी बाहेर गेले आणि त्या मुलीला सगळे सांगून टाकले. तेव्हापासून नयन माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

३. म्हणून तो फ्लॅट माझी मुलगी ऋजुता हिला मिळावा. ऋजुता, तो कोणाला लपवून विकायचा नाही. स्वप्नाला उगाच बाहेर काढायचे नाही.

४. ॲड. संचिता ओव्हाळ, कल्याण, यांस मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमते. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा मी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारले, "मी कोणाची वकील, तुमची की मुलांची?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला. रडूच आले मला. त्यांची फी माझ्या ठेवीतून आधी द्यावी, घासाघीस करू नये. उरलेली ठेव दोन्ही मुलांना सारखी.

५. बंटीने तेराव्याला येऊ नये. आलाच तर जेवू घालावे, पण घरात कोणाशी जागेचा विषय काढू देऊ नये.

६. माझे दिवस झाल्यावर ऋजुताने संचिताताईंना घेऊन विमलाबाईंच्या घरी जावे. आधी त्यांना स्वतःचा वकील करायला लावावा, त्याचा खर्च माझ्या ठेवीतून. मग त्यांच्यासमोर बसावे आणि तुम्हाला काय हवे आहे, ते विचारावे. त्या जे सांगतील ते सगळे देता येईलच असे नाही. पण विचारावे. आजवर ते कोणीच केलेले नाही.

वरील मजकूर मी वाचून, पुन्हा एकदा चिडून, सही करीत आहे.

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) आसावरी त्र्यंबक पेडणेकर

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. (सही) मेघना दळवी, शेजारी
२. (सही) रवींद्र तांबे, कार्यालयातील जुने सहकारी