बाबा मावतील अशी डीव्हीडी

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकण्याचा भाग तू मनानेच घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींनी गोड खरंच सोडलं, की फक्त तुझ्यासमोर? इकडे सगळे खुशाल. माझी बोटं तेवढी निळी आहेत. का, ते सांगतो.

आईच्या पंचाहत्तरीला बाबांची ती फिल्म द्यायची, असं मी ठरवलं. तीच, अंगणात बाबा आईला सायकल शिकवतात ती. (कॅमेरा तुझ्या हातात, त्यामुळे निम्मा वेळ जमीन दिसते.) बाबांचा आवाज असलेली आपल्याकडे ही एकच, आणि कॅसेटमध्ये पडून राहिल्यामुळे आईने ती कधी पाहिलीच नव्हती. डीव्हीडीवर उतरवून घेणं एका दुपारी झालं. पण आईच्या हातात नुसती चंदेरी चकती काय ठेवायची? वर बाबांचा सायकल धरलेला फोटो हवा. इथून माझे ग्रह फिरले.

आधी फोटो कागदावर छापून गोंदाने चिकटवला. डीव्हीडी प्लेअरमध्ये गेली, घरघरली आणि आतच राहिली. (चिमट्याने ओढल्यावर बाबांचा एक कान तेवढा बाहेर आला.) मग प्रिंटरने थेट डीव्हीडीवर छापता येतं असं कळलं, म्हणून घरातल्याच एका चंदेरी डीव्हीडीवर छापलं. शाई दोन दिवस वाळली नाही. ती माझ्या बोटांना, तुझ्या भावजयीच्या अभ्र्याला आणि मांजराला लागली. तेव्हा कुठे दुकान गाठलं. छापायच्या कोऱ्या डीव्हीडी वेगळ्या, वरून पांढऱ्या असतात, हे दुकानदाराने मला मंदबुद्धीला समजावावं तसं समजावलं. मी ऐटीत चकचकीत पांढऱ्या घेतल्या. घरी येऊन छापून पाहतो, तर भोकाभोवती बाटलीच्या झाकणापेक्षा मोठी जागा छपाईविना सुटलेली, आणि नेमकं तिथेच बाबांचं डोकं. सायकल शिकवणारे हे गृहस्थ कोण, असं हिने शांतपणे विचारलं.

पुन्हा दुकान. या खेपेला पार भोकापर्यंत पांढऱ्या आणि बिनचकाकीच्या मिळाल्या. बाबांना जरा डावीकडे सरकवलं, तर भोक सायकलच्या चाकाच्या मधोमध आलं. ताई, इतकं चपखल की मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

आमचा प्लेअर गोंद खाऊन बसलेला, म्हणून सगळे शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेलो. आई अर्धवट शिवलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. पडद्यावर बाबा म्हणाले, "घाबरू नकोस, मी धरलंय." आणि तेव्हा ते चांगली दहा पावलं मागे, कमरेवर हात ठेवून उभे होते.

आई पडद्याकडे सरकली. मग म्हणाली, "म्हणजे धरलं नव्हतंच. माझी मीच चालवत होते."

मी म्हटलं, हो.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. चार वेळा लावली.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी प्रत सोबत आहे. शाई वाळलेली आहे, तरी पांढऱ्या साडीपासून लांब ठेव.

ता. क. तुमचा जुना प्लेअर माळ्यावर पडून असेल, तर हवा होता. आई रोज संध्याकाळी शिंपीणबाईंकडे जाऊन बसते आणि गिऱ्हाइकांनाही फिल्म दाखवते.

ता. क. आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, पार्सलने पाठवू नको, काच फुटेल. तूच घेऊन ये आणि चार दिवस राहा. (आता आत गेली म्हणून लिहितो. प्लेअरला काच नसते, आणि हे तिलाही माहीत आहे.)