उजव्या कानाचे चार ठिपके

प्रिय ठमे,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, माहीत आहे. पण चार कागद फाडून झाले आणि प्रत्येकाच्या वर तुझं खरं नाव होतं. ते लिहिलं की मी रजेचा अर्ज करत असल्यासारखा लिहायला लागतो. तेव्हा ठमी तर ठमी. सकाळपासून माझ्या येरझाऱ्या चालल्या आहेत. तुझी आई म्हणाली, एक तर बसा, नाहीतर बाहेर जा, फरशी झिजेल. शुक्रवारी दुपारपर्यंत एक निर्णय द्यायचाय आणि तो तुझ्या कानाबद्दल आहे. या विषयावर आपण गेली तीस वर्षं बोललेलो नाही. तू येतेस, आईच्या गुडघ्याची चौकशी करतेस, मी तुझ्या गाडीच्या टायरची करतो, आणि तू जातेस.

झालंय असं की आपला टकलूकाका, माझ्या गेमचा प्रोग्रामर, त्याला निवृत्ती मानवेना. त्याने आमचा पहिला गेम कपाटातून बाहेर काढलाय आणि टीव्हीला जोडायच्या त्याच जुन्या यंत्रासाठी काही शे नवी कार्ट्रिज, म्हणजे त्यात खुपसायच्या गेमच्या डब्या, बनवायला घेतली आहेत. हौशी लोक म्हणे अजून ती यंत्रं जपून ठेवतात. शुक्रवारी फाइल कारखान्यात जाणार. तोवर चित्रांत काय सुधारायचं ते सुधार, असं त्याने मला सांगितलं, आणि आठवडाभर मी पुन्हा चौकटीच्या वहीवर डोळे फोडून घेतोय.

तुला त्या वह्या आठवत असतील. आठ ठिपके आडवे, आठ उभे, की झाली एक चौकट. अशा एकूण दोनशे छप्पन. त्यात मुलगी, राक्षस, पक्षी, धूर, सगळ्यांनी दाटीवाटीने राहायचं. एका चित्राला रंग तीन. केसांचा तोच डोळ्यांना, डोळ्यांचा तोच बुटांना. अंथरूण पाहून पाय पसरायचे ठीक आहे, पण इथे अंथरूणच रुमालाएवढं. गेमच्या कंपनीत लागण्याआधी मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, हात लांब फिरवायची सवय. पहिला महिनाभर मला वाटायचं हे लोक माझी थट्टा करताहेत. मग चटक लागली. तोंडाचा एक ठिपका खाली घेतला की हसरी मुलगी रडवेली दिसते, हे कळलं त्या दिवशी मी जेवायला घरी यायचंच विसरलो होतो.

नायिका म्हणून मी तुला काढलं. तू सहा वर्षांची होतीस, पोट पुढे काढून चालायचीस, जणू कुठेतरी तुझ्यावाचून अडलंय. ती चाल मी तीन चित्रांत पकडली. आणि उजव्या कानाशी चार ठिपके, बुटांच्या रंगाचे, कारण दुसरा रंग उरला नव्हता. ते तुझं ऐकू येण्यासाठीचं कानातलं यंत्र. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं मी फार प्रेमाचं काहीतरी करतोय. खोटं कशाला बोलू, लोकांनी ते पाहावं असंही वाटत होतं.

पुढच्या वर्षी गेम घरी आला. तू टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसून मुलीला नुसती डावीकडे-उजवीकडे चालवत होतीस, आणि मग मला विचारलंस की ही डावीकडे निघाली की यंत्र डाव्या कानात कसं जातं. कंपनीतल्या बारा जणांनी तो गेम महिनाभर तपासला होता, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तुला समजावलं की गेमच्या यंत्रात एकाच बाजूचं चित्र ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला तेच आरशासारखं उलटं करतात. दुसऱ्या चित्राला जागाच नाही गं, म्हणालो. तू मान डोलावलीस. नंतर मैत्रिणींपैकी कुणी चूक काढली की तू त्या गेमच्या यंत्राची वकिली करायचीस, बिचाऱ्याकडे जागा नाहीये म्हणून.

मग त्या मासिकातली मुलाखत. मी सगळं सांगून टाकलं, वर तुझा फोटो दिला, कान स्वच्छ दिसणारा. माझी वाहवा झाली. शाळेत मुलं तुला मध्ये उभी करून, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, करायची, हे मला तुझ्या बाईंकडून कळलं, तेही दोन वर्षांनी. तू घरी अवाक्षर काढलं नव्हतंस. तू फक्त केस बांधायचं सोडलंस. लग्नातसुद्धा उजव्या बाजूने मोकळेच होते. हल्लीची पद्धत असेल, असं मी पाहुण्यांना सांगत होतो. इतका मी मठ्ठ.

परवा टकलूकाकाने सहज विचारलं की तू मुलीचं डोकं तेवढं वेगळं का नाही काढलंस, धड आरशासारखं उलटं केलेलंच चाललं असतं, दोनच चौकटी लागल्या असत्या. विसरलो, म्हणालो. विसरलो नव्हतो, ठमे. शेवटच्या दिवशी बरोबर दोन चौकटी शिल्लक होत्या आणि त्यांत काय बसतं हे मला ठाऊक होतं. मी त्या गेममधल्या बगळ्याला दिल्या. त्याचे पंख चार टप्प्यांत हलायचे, ते सहात हलायला लागले आणि तो असा अलगद उडाला की सगळं ऑफिस खुर्च्या सोडून बघायला आलं. मासिकात त्या बगळ्यावर एक अख्खा परिच्छेद आहे. जागा होती. तुला नाही म्हणालो आणि तू विश्वास ठेवलास.

या आठवड्यात मी बगळ्याकडून त्या दोन चौकटी परत घेतल्या. आता तो मोडक्या छत्रीसारखा उडतो, उडू दे. डावीकडे वळलेलं डोकं वेगळं काढलं, डावा कान मोकळा. इतका खूश झालो की तुझ्या आईला हाक मारली. तिने चष्मा पुसला, पाहिलं, आणि म्हणाली, तिला विचारलंत का? मी चिडलो. तिला चकित करायचंय म्हणून आवाज चढवला, चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत कळलं की मी तेच पुन्हा करत होतो, फक्त या वेळी सुबक.

म्हणून हे पत्र. टेबलावर आता दोन फाइली आहेत. एकीत यंत्र आहे, फक्त उजव्या कानात, दोन्ही दिशांना बरोबर. दुसरीत यंत्रच नाही. मला पहिली आवडते, पण माझी आवड यात धरू नकोस. ती मुलगी तू नसावीस असंच वाटत असेल तर मी तिची चालही बदलेन, फक्त त्याला दोन दिवस लागतात, तेव्हा बुधवारपर्यंत कळव. काहीच कळवलं नाहीस तर दुसरी फाइल जाईल आणि मी कधीही कारण विचारणार नाही. सहा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या वयात तुला मोज्यांपासून चंद्रापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत होतं. कान तुझा होता आणि तेवढंच मी विचारलं नाही. आता विचारतो. तुझं काय म्हणणं आहे?

तुझाच,
अजून उभ्यानेच लिहिणारा,
बाबा