सभागृहाला भिंती किती?

४ जानेवारी
गुलबर्ग्याहून परतलो. व्याख्यान रंगलं. विषय जुनाच: गावानं आपल्याला कुसाबाहेर ठेवलं, तेही वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आपल्यावरून गेलेला वारा वरच्यांच्या अंगाला लागू नये. टाळ्या थांबेनात. बीदरला उतरलो तेव्हा घसा बसलेला, छाती फुगलेली. बायको घरात नव्हती. सुमन गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत दगडावर बसलेली. "घरात दम पुरंना. इथं जरा बरं वाटायलंय."

७ जाने.
मिळाली! तीच मोकळी जागा, नगरसभेकडून, वस्तीच्या सभागृहासाठी. किती वर्षं भांडलो. समितीचे अध्यक्ष माणिकअण्णा मिठी मारून रडले. औरादकडच्या त्यांच्या गावात वडील चावडीबाहेर उभे राहून बोलायचे. "चार भिंती पाहिजेत, सर. पक्क्या. आपल्या." पायाभरणीला मीच बोलायचं. घरी सांगितलं. सु. म्हणाली, "चांगलं झालं." उठून खिडकी उघडली. लगेच लावून घेतली.

१० जाने.
सु.ला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दमा आहे, धूर टाळा. कुठं टाळायचा? गल्लीच्या एका तोंडाला कोळारच्या कारखान्यांकडं जाणारा रस्ता, तिथं इंजिन चालू ठेवून उभे ट्रक. गल्ली अरुंद, त्यात प्रत्येकानं वरचा मजला रस्त्यावर काढलेला, आम्हीसुद्धा. वर आभाळाची नुसती पट्टी. थंडीत आत शिरलेला धूर तसाच बसून राहतो. वारा येतो तो फक्त दुसऱ्या टोकाकडून, मोकळ्या जागेवरून. तिथंच आता सभागृह...

१२ जाने.
अण्णांकडे. म्हटलं, भिंती नकोत. खांबांवर छत घालू, चारी अंगांनी मोकळं.
"मंडप घालायलाव का सभागृह बांधायलाव, सर?"
वाऱ्याचं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग, "गुलबर्ग्यात भिंतीवर बोलून टाळ्या घ्यायलाव, अन् आमाला म्हणायलाव भिंत नको. जन्मभर भिंतीच्या बाहेर राहिलो, आता कुठं आत बसायची पाळी आली."
उठलो, चपला घातल्या.
निघताना दारापर्यंत आले. "वैनीला कसं हाय?"

१५ जाने.
सु.ला कळलं. भडकली. "माझ्या नावानं बायांची जागा घालवू न्हका. पावसाळ्यात बुद्धवंदनेला आमी कुठं बसताव, बघितलंव का कधी? चिखलात." मग दम खाऊन, "माझा दमा सभेत काढलाव तर बघा."
म्हटलं, तुझा एकटीचा नाही. गल्लीतली लेकरं रात्रभर खोकतात.
"मग तेच सांगा. व्याख्यान देऊ न्हका. सांगा."

१८ जाने.
पायाभरणी उद्या. अण्णा आपणहून आले. चहा घेताना आतून सु.च्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. अण्णांनी कप खाली ठेवला.
"समोरासमोर दोन मोठी दारं ठिवली तर? वारा जाईल का आरपार?"
"जाईल. उघडी राहिली तर."
"अन् आतल्या खुर्च्या? त्या पण जातील आरपार!"
तिघंही हसलो. सु.ला हसताना ठसका लागला. अण्णा उठले. "लोक काय म्हणतील ते खरं. मी एकटा कोण ठरवणार?"
भाषणाचा कागद फाडला. दोनदा लिहून दोनदा.

१९ जाने., मैदानावरच
चुन्याच्या रेषा मारून झाल्यात. चारी बाजू बंद, चौकोन. सु. नेहमीच्या दगडावर बसलीय, तो आता रेषांच्या आत आलाय. लोक जमलेत, बाया पुढं, लेकरं रेषेवरून उड्या मारतायत. अण्णांच्या हातात टिकाव.
सु.नं बसल्या जागेवरून विचारलं, "अण्णा, दार कुठल्या अंगाला?"
अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग गल्लीकडं. तिथली रेष चपलेनं पुसली. आधी हातभर, मग आणखी थोडी.
"एवढं पुरं का, सर?"
समोरची रेष, वारा येतो त्या अंगाची, अजून तशीच पांढरी आहे. माईक चालू झालाय. माझं नाव पुकारतायत.