मास्टर चुडामण नाही म्हणतो

जैनाबाद, रविवार

प्रिय निशाबाई,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर आटोपतं, मग तू लगेच 'मायकडे द्या' म्हणतेस, म्हणून कागद घेतला. केळीला पाणी देताना घसरलो होतो, ते पायाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी परवा निघालं. तुझी माय इच्छापूरला जाऊन देवीला नारळ फोडून आली. सगळं श्रेय देवीला मिळालं. सहा आठवडे शहाण्यासारखा खाटेवर पडून राहिलो, त्याचं कौतुक कुणालाच नाही.

या महिनाअखेर तू इंदूरचं ऑफिस सोडून कायमची घरी येणार आणि शिक्षकभरतीची परीक्षा देणार, हे दिवाळीत ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. तेव्हा तू 'आप्पा, मी आवाजाचं एक काम करते' असं काही सांगायला लागली होतीस आणि मी चारचौघांत म्हणालो, नुसती तोंडाची वाफ दवडून कुणाचं भलं झालंय? तू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलीस. ते आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो. पण ते नंतर सांगतो, आधी गंमत ऐक.

खाटेवर पडल्या पडल्या एकदा फोनवर चिनी कार्टून लागलं. चित्रं तिकडची, आणि एक मुलगी हिंदीत सगळी गोष्ट सांगते. या वयात कार्टून बघतो म्हणून लाज वाटायची, भिंतीकडे तोंड करून बघायचो. हजार वर्षं डोंगरात तप केलेला एक साधक डोळे उघडतो, तर आजच्या एका मोठ्या शहरात, घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोराच्या अंगात! सगळी सिद्धी गेलेली. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. दिवसभर स्कूटरवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून साधना करायची. सोसायटीतले लोक त्याला किडामुंगी समजतात. मग एक दिवस लिफ्ट माणसांसकट खाली कोसळते आणि हा नुसत्या एका बोटानं ती थोपवतो. मी प्लास्टरसकट उठून बसलो! हेच जुन्या काळात, जंगलात घडलं असतं तर मला एवढं भिडलं नसतं. सिग्नलला आपल्या शेजारी उभा असलेला पोरगा आतून कुठल्या पायरीवर पोचलाय हे कुणालाच ठाऊक नसतं, त्याच्या घरच्यांनाही नसतं, हे मला फार आवडलं. दुपारचं जेवण झालं की मी फोन मागायचो आणि तुझी माय कपाळाला हात लावायची.

चिनी नावं जिभेवर टिकत नाहीत, म्हणून ही सांगणारी सगळ्यांना आपली नावं देते. नायकाचा खादाड दोस्त म्हणजे लोटू. अगदी आपल्या मळ्यातल्या लोटूसारखा, कामाला हात लावायच्या आधी चहा मागणारा. शक्तीची गोळी जिभेवर कशी विरघळते, तर म्हणे इतवारा बाजारातल्या दराब्याच्या मिठाईसारखी. मी तिला दिल्लीची समजत होतो, पण दिल्लीच्या बाईला इतवाऱ्यातला दराबा कुठून माहीत असणार? आणि नायकाचा गुरू, जो बिल्डिंगचा वॉचमन बनून राहतो, हातात झाडू, कपाळाला आठी, काहीही विचारा आधी नाहीच म्हणतो, त्याचं नाव काय, तर मास्टर चुडामण! 'तो दोस्तो, मास्टर चुडामण ने फिर मना कर दिया!' साठ वर्षांत तुझ्या बापाच्या नावाची एवढी जाहिरात कुणी केली नव्हती, बाई.

तरी आवाज तुझाच ना, याची खात्री करावी म्हणून मायला ऐकवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मले तं पह्यल्याच दिवशी वळखू आलं. तुमी त्या मास्टरले शिव्या देत होते, म्हनून गप बसली."

मग मी पहिल्यापासून सगळे भाग ऐकले. खाली लोक काय काय लिहितात तेही वाचलं. नागपूरची एक नर्स लिहिते, ड्यूटी संपली की तुझा आवाज ऐकते आणि शीण जातो. ते मी मायला दोनदा वाचून दाखवलं. मला तुझा अभिमान वाटला, हे लिहून टाकतो, कारण तोंडानं जमणार नाही. एका भागात तू माफी मागितलीस, की हॉस्टेलवर आवाज फार, म्हणून पंखा बंद करून गोधडीखाली बसून बोलते, धाप ऐकू आली तर सांभाळून घ्या. तो भाग मे महिन्यातला होता. मी फोन बाजूला ठेवला.

गेल्या आठवड्यातल्या भागात पुढची पायरी चढायला नायकाला अंगावर झेलावी लागणारी परीक्षेची वीज आभाळात जमली, आणि मास्टर चुडामणनं त्याला तळघरात कोंडून बाहेरून कडी घातली, त्याच्याच भल्यासाठी. तिथेच तू थांबलीस. म्हणालीस, घरी परत जावं लागतंय, तिथे हे जमणार नाही, हा शेवटचा भाग. आवाज नेहमीसारखा हसरा होता, पण मला तुझ्या हातातल्या कपड्यांच्या घड्या दिसल्या.

म्हणून हे पत्र, निशा. माझ्यासाठी ते बंद करू नकोस. मी चुकलो. इंदूरलाच राहायचं असेल तर खुशाल राहा, परीक्षा द्यायची की नाही तेही तूच ठरव. आणि घरी यावंसं वाटलं, तर मागची खताची खोली मी लोटूकडून रिकामी करून सारवून घेतली आहे. खिडकीवर आणि भिंतींवर मायनं गोधड्या ठोकून घेतल्या. काल मी आत बसून मोठ्यानं ओरडलो, तर बाहेर तिला काही ऐकू गेलं नाही. अशी खोली आधीच का नाही बांधली, म्हणते. पंखा बिनआवाजाचा बसवलाय. गोष्टीतल्या चुडामणचं पुढे काय करायचं ते तू बघ, इथल्यानं कडी काढली आहे. फक्त दारापुरती एक गोधडी कमी पडतेय. आलीस तर ती तुझी हॉस्टेलवरची घेऊन ये.

तुझाच,
आप्पा