संत जॉर्जचा सोमवार

थॉर्न्सबी, लिंकनशायर
शनिवार, २६ एप्रिल २०२५

चिरंजीव टोबी यास,

अनेक शुभाशीर्वाद. तू, सूनबाई आणि लहानगी आयव्ही सुखरूप असाल अशी आशा करतो. ईस्टरच्या रविवारी आयव्हीने चर्चच्या हिरवळीवर चॉकलेटची अंडी शोधताना सर्वांना मागे टाकले, हे पाहून तुझ्या दिवंगत वडिलांची आठवण झाली. तोही असाच दुसऱ्यांच्या टोपल्यांत डोकावून मग स्वतःचे अंडे शोधायला जाई. चेरीचा बहर यंदा लवकर ओसरला. माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे.

अक्षर परके पाहून दचकू नकोस. मजकूर माझाच आहे; लेखणी शेजारच्या मरियम हद्दाद यांच्या हाती आहे. बाई निवृत्त परिचारिका असल्याने आज्ञा देण्याची त्यांना सवय आहे, ऐकण्याची नाही. "प्रकृती ठीक आहे" हे वाक्य लिहिण्यास त्यांनी प्रथम नकार दिला. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी ते लिहिले, परंतु खाली रेघ मारली आहे. ती रेघ माझी नव्हे.

बुधवारच्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे.

तेवीस एप्रिल हा संत जॉर्जचा दिवस, हे तुला सांगायला नकोच. परंतु ईस्टरचा आठवडा हा सर्वस्वी पुनरुत्थानाचा असतो. त्यात अन्य कोणाचा सण साजरा होत नाही, मग तो संत आपल्या इंग्लंड राष्ट्राचा पालक का असेना. तो पुढल्या आठवड्यातील सोमवारी जातो. ही व्यवस्था माझ्या लहरीतून निघालेली नाही. पूर्वापार चालत आलेली आहे. फलकावर मी तशी सूचना लावली होती. काही वर्षांपूर्वीही सण असाच पुढे गेला होता, तेव्हा कोणी विचारावयास आले नव्हते. यंदा तुम्ही सर्व आलात.

सध्या आपल्या चर्चला कायम पाळक नाहीत, म्हणून मनोऱ्याची किल्ली विश्वस्त या नात्याने माझ्याकडे असते. पबमधून निघालेला तुमचा जमाव भर दुपारी दाराशी आला. खांद्यांवर ध्वज होते, एकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे शिरस्त्राण होते, आणि सर्वांपुढे तू होतास. तू म्हणालास, "काका, किल्ली द्या. झेंडा आम्ही चढवतो, तुम्ही नुसतं बघा." मी सोमवारचे सांगितले. मागून कोणी तरी म्हणाले, "म्हातारबांनी संताला रजेवर धाडलंय रे." सारे हसले. खरे सांगतो, मलाही हसू आले.

तू मात्र हसला नाहीस.

"आयरिश लोकांचा दिवस आला की अख्खं गाव हिरवं होतं," तू म्हणालास. "तेव्हा कुणी तारखा बघत नाही. आमचा दिवस आला की लगेच जरा हळू, जरा नंतर, कुणाला काय वाटेल. काका, तुम्हाला आमची लाज वाटते. एकदा सरळ सांगून टाका ना."

त्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ होते. ते न देता मी दार लावू लागलो.

पुढे काय घडले ते तू जाणतोस, किंवा अंशतः जाणतोस. बाहेरून दार लोटले गेले. ते जुने ओक लाकडाचे दार आहे. त्याला वेग आला की आवरत नाही. माझा उजवा हात त्या वेळी दगडी चौकट आणि दार यांच्या मधे होता. मनगटाची हाडे दोन ठिकाणी मोडली आहेत. मरियमबाई म्हणतात की हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते.

रुग्णालयात पोलीसबाई आल्या आणि हात कशाने मोडला असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ओल्या पायरीवरून घसरलो. गेल्या हिवाळ्यातील मारामारीनंतर न्यायालयाने तुला ताकीद देऊन सोडले होते, आणि पुन्हा काही घडले तर तुरुंग, असे बजावले होते. ते सारे त्या क्षणी डोळ्यांपुढे उभे राहिले. आयव्हीही उभी राहिली. मरियमबाई शेजारीच होत्या आणि त्यांना खरे ठाऊक होते. तेथे त्या काही बोलल्या नाहीत. परतताना मोटारीत मात्र म्हणाल्या, "तुमच्या इंग्रजी देवाला चालतं वाटतं हे? आमच्या लुदच्या देवाला नाही चालत." त्यांचे वडील पॅलेस्टाईनमधील लुदचे. संताची समाधी ज्या गावी आहे तेच ते लुद. तेथे त्याचा मोठा सण नोव्हेंबरात असतो, आणि तारखेवरून आजवर कोणी त्यांच्या वडिलांस देशद्रोही म्हटले नाही.

त्या दिवसापासून मला धड झोप नाही. रोमच्या सम्राटाने मरणाचे भय घातले असता ज्याने असत्याचा एक शब्द उच्चारला नाही, त्या पुरुषाच्या दिवशी मी एका सौम्य पोलीसबाईपुढे असत्य बोललो. मला तर कोणी भयही घातले नव्हते. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी अर्धशतक मुलांकडून पाठ करून घेतली आहे. ती मनात असताना सोमवारी प्रभुभोजनाच्या मेजापुढे मला उभे राहता येणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मला तुमची लाज वाटत नाही. आपला हा दिवस अधिक थाटात व्हावा असे मला तुझ्या जन्मापूर्वीपासून वाटत आले आहे. घंटा वाजाव्यात, रस्त्यात मेजे मांडली जावीत, गावातील उपाशी माणसाला त्या दिवशी पोटभर मिळावे. दरवर्षी उपासनेनंतर मी सभागृहात खुर्च्या मांडतो, रांगांमागून रांगा. चार वृद्ध स्त्रिया येतात, काकडीचे सँडविच आणि घोटभर शेरी घेऊन जातात, आणि मी उरलेल्या खुर्च्या पुन्हा रचून ठेवतो. या खुर्च्या भरू देत अशी प्रार्थना मी किती वर्षे केली! यंदा त्या भरतील इतकी माणसे देवाने दाराशी आणून उभी केली. तारीख चुकली होती, आवाज चढला होता, परंतु माणसे तीच होती. आणि मी दार लावले. सोमवारचा नियम योग्यच आहे. पण आत बोलावून बसवून तो सांगता आला असता.

एक गोष्ट उरली. ती टाळण्यासाठीच वर चेरीच्या बहराविषयी लिहिले.

फटीतून तू माझ्याकडे पाहिलेस. माझ्या हाताकडे पाहिलेस. त्यानंतर दार लोटलेस, की दार आधीच सुटले होते आणि तू पाहिलेस तेव्हा उशीर झाला होता, हे मला ठरवता येत नाही. ते केवळ तुला ठाऊक आहे. मरियमबाईंनी येथे लेखणी थांबवली होती. मी म्हटले, लिहा.

सोमवारी दहा वाजता उपासना आहे. तत्पूर्वी साडेनऊला मी त्या पोलीसबाईंना चर्चमध्ये बोलावले आहे आणि त्यांना सत्य सांगणार आहे. दार प्रथम मी लावू लागलो हे सांगेन. बाहेरून लोटणाऱ्यांत तू सर्वांपुढे होतास हे सांगेन. त्या नजरेविषयी विचारले तर मला ठाऊक नाही असे सांगेन, कारण ते खरे आहे. परिणाम काय होईल ते माझ्या हाती नाही. मी बोलण्यापूर्वी तू येऊन बोलावेस, एवढीच माझी इच्छा आहे. आलास तर तुझ्या शेजारी उभा राहीन, आणि पुढे ते तुला जेथे नेतील तेथेही येईन. न आलास तरी माझा पुतण्याच राहशील. मात्र तू सर्वांपुढे होतास हे वाक्य मला एकट्याला उच्चारावे लागेल.

हे पाकीट मरियमबाई स्वतः तुझ्या दारातून आत टाकतील. सोबत मनोऱ्याची किल्ली आहे. ध्वज धुऊन, घडी घालून आतल्या खोलीत ठेवला आहे. तो चढवायचा तर दोरी ओढायला दोन हात लागतात, आणि यंदा मजपाशी एकच आहे. खुर्च्या मात्र कशाबशा मांडून झाल्या.

खालची सही माझी आहे. डाव्या हाताने केली म्हणून वाकडी आली आहे, ओळखून घे.

सोमवारी पहाटेपासून दार उघडे ठेवणारा,
तुझा काका
अँब्रोज थर्केटल